हयातीचा दाखला

एकतीस मे जवळ आला की आमच्या भोकरदन तालुक्यात निरोप समारंभांची गर्दी होते. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींची जन्मतारीख १ जून. आईला फक्त ‘तवा पेरण्या चालल्या होत्या’ एवढंच आठवायचं, मग गुरुजी शाळेत नाव घालताना १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षं भरली की मेच्या शेवटच्या दिवशी एकदम चार-पाच जणी निवृत्त. शाल, श्रीफळ, भारीतली साडी, डोळ्यांत पाणी, आणि प्रत्येक भाषणात एक ठरलेलं वाक्य : ‘आता बाईंनी आराम करावा.’

सहा वर्षांपूर्वी हे वाक्य मीही ऐकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता पेन्शन चालू आहे. तेव्हापासून एक गोष्ट बघतेय. पुरुष निवृत्त झाला की पारावर, पेपरच्या दुकानात, चहाच्या टपरीवर त्याची एक जागा तयार होते. बाई निवृत्त झाली की ती परत स्वयंपाकघरात जाते. सकाळी घाईत केलेल्या पोळ्या आता सावकाश करायच्या, एवढाच फरक. आराम म्हणजे काय, ते मात्र तिला कुणी सांगत नाही.

खरं तर निवृत्ती हाच आपल्याकडच्या बायकांसाठी नवा शब्द. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात मिरच्या तोडणाऱ्या बाईला कसली आलीय निवृत्ती? हात चालतात तोवर ती तोडणार. महिन्याचा पगार, मग पेन्शन आणि वर मोकळा वेळ, हे सगळं पहिल्यांदा मिळालं ते शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका अशा बायकांना. म्हणजे या मोकळ्या वेळाचं काय करायचं, हे शिकवायला आपल्या आई-आजीचा काही दाखला आपल्यापुढं नाही. आपला आपणच शोधायचा आहे.

आमच्या गल्लीत माझ्यासारख्याच एक निवृत्त बाई आहेत. वर्गात आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प व्हायची. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष नातवंडात छान गेलं. मग मुलाची बदली झाली, तो सहकुटुंब पुण्याला गेला. घरात दोघंच. हळूहळू बाईंनी बाहेर येणं सोडलं. दुपारी भेटायला गेलं तर टीव्ही चालू आणि या भिंतीकडं बघत बसलेल्या. ‘काय करावं बाई, दिवस सरता सरत नाही,’ म्हणायच्या. पुढं औषधं विसरायला लागल्या. रक्तदाबाची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून स्वतःच बंद केली. एक दिवस चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठं घरचे जागे झाले. जीव वाचला, पण मनगट मोडलं. त्यांना काही दुर्धर आजार नव्हता. त्यांची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, हे त्यांचं खरं दुखणं होतं.

हे दुखणं केवळ आपल्या गल्लीतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणानं ग्रासलेला आहे, आणि त्याचा परिणाम मनाइतकाच शरीरावरही होतो. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक एक कोटीच्या वर होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के. आता ते आणखी वाढले आहेत. तरुण मुलं कामासाठी पुण्या-मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला गेलेली आणि गावात म्हातारी माणसं मागं राहिलेली, हे चित्र आपल्याला नवं नाही.

जालन्याच्या सिस्टर

याच्या अगदी उलट चित्र मला जालन्यात दिसलं. माझी आई शेवटची दोन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होती. माझ्या भावाकडं जालन्याला असायची. मी दर आठवड्याला एसटीनं जायचे. तिथं दर बुधवारी दुपारी चारला एक बाई यायच्या. पासष्टीच्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. धर्मानं ख्रिस्ती. शेजारच्या घरी येता येता त्यांना आमच्या आईचं कळलं आणि त्या आमच्याकडंही यायला लागल्या.

त्या काय करायच्या? फार काही नाही. आईची कूस बदलून पाठ बघायच्या, कुठं लाल झालंय का. वहिनीला दाखवायच्या की कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर जखमा होतात. औषधाच्या डब्यात गोळ्या राहिल्यात का बघायच्या. मग अर्धा तास आईशी बोलायच्या. आईला नीट बोलता येत नव्हतं, तरी त्या थांबायच्या, वाक्य पुरं होईपर्यंत. आम्ही घरचे तेवढं थांबायचो नाही, कामाच्या धबडग्यात थांबणं व्हायचंच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी भावाला विचारलं, ‘मी प्रार्थना करू का? नको असेल तर नको.’ भाऊ म्हणाला, ‘आई हरिपाठ म्हणते.’ तर त्या म्हणाल्या, ‘मग तुम्ही हरिपाठ म्हणा, मी ऐकते.’ आणि खरंच हात जोडून ऐकत बसल्या. इंजेक्शन मात्र कधी दिलं नाही. ‘आता मी ड्यूटीवर नाही, ते डॉक्टरांचं काम,’ असं स्पष्ट सांगायच्या.

एकदा जोराचा पाऊस होता. मला वाटलं, आज काही येत नाहीत. चारला दार वाजलं. मी म्हटलं, ‘सिस्टर, आज कशाला आलात?’ त्या म्हणाल्या, ‘ताई, येते म्हणून सांगायचं आणि जायचं नाही, असं करू नये. पडून असलेलं माणूस दाराकडं बघत असतं.’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी अजून विसरले नाही. आमच्या गल्लीतल्या बाईंची वाट बघणारं कुणी नव्हतं आणि या सिस्टरची वाट दर आठवड्याला चार घरांत बघितली जात होती. दोघींचं वय जवळपास सारखं. दोघींना रक्तदाब. सिस्टरना तर शुगरही होती आणि गुडघेही दुखायचे.

मंडळी आणि नेम

मी त्यांना विचारलं, तुम्ही हे एकट्या करता का? तर नाही. त्यांच्या चर्चमधल्या आठ-दहा निवृत्त बायकांनी घरं वाटून घेतली होती. ख्रिस्ती मराठीत चर्चच्या लोकांना ‘मंडळी’ म्हणतात आणि धर्मगुरूंना ‘पाळक’. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतल्या बायका दहा मिनिटं थांबायच्या. कोण आजारी, कोण बाळंतीण, कुणाच्या घरी दुःख झालंय, कोण दोन रविवार दिसलं नाही, याची विचारपूस व्हायची आणि तिथंच वार ठरायचे. हिशेब एका साध्या वहीत. पावती नाही, बॅनर नाही, फोटो नाही.

या परंपरेला जालन्यात मुळं आहेत. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढं निजामाच्या राज्यात जालन्याला आले आणि त्यांनी जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. मिशनच्या शाळा आणि दवाखाने आले, तशा तिथल्या मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. म्हणून पेन्शन घेणाऱ्या बायकाही त्या समाजात लवकर दिसू लागल्या.

त्यांच्या धर्मग्रंथातही म्हातारपणाच्या कामाची दखल आहे. बायबलच्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साठीच्या पुढच्या विधवांची नोंद ठेवण्याचा उल्लेख येतो. नोंद करताना तिनं मुलं वाढवली का, पाहुण्यांचं आदरातिथ्य केलं का, अडलेल्यांना मदत केली का, हे बघायला सांगितलंय. म्हणजे साठीनंतर बाईची ओळख तिच्या कामावरून.

आणि उदाहरणं म्हणाल तर आपल्या मराठीतच आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्यासाठी शिकून घेतल्या. १९२२ साली वयाच्या चौसष्टाव्या वर्षात त्या गेल्या, तोवर हे काम चालू होतं. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत. १९१९ साली रेव्हरंड टिळक वारले. त्यानंतर त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. आपल्यापैकी किती जणी सहासष्टाव्या वर्षी नवं काम हातात घेतील?

पण मला त्या मंडळीकडून घ्यावीशी वाटली ती एकच गोष्ट : नेम. ‘कधी काही लागलं तर सांगा’ असं आपण सगळ्याच म्हणतो. त्यानं काही होत नाही. ज्याला लागतं तो सांगत नाही. सिस्टरचं तसं नव्हतं. बुधवार म्हणजे बुधवार, चार म्हणजे चार. आपल्याला नेम काही नवा नाही. एकादशी आपण चुकवत नाही, गुरुवार धरतो, राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जातो, कुणी वारीला जातं. शेजारच्या मुस्लिम बायका रोजे पाळतात. देवासाठी जो नेम धरतो, तोच माणसासाठी धरायचा, एवढंच.

डॉक्टर काय म्हणतात

‘हे सगळं पुण्याचं झालं, तब्येतीचं काय?’ असं कुणी विचारेल. तब्येतीचंही सांगते.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात साठीच्या पुढच्या लोकांना प्राथमिक शाळांत मदतीला पाठवण्याचा ‘एक्सपिरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम झाला. आठवड्याला साधारण पंधरा तास. मुलांना वाचायला शिकवायचं, वाचनालय सांभाळायचं. संशोधकांनी या आजी-आजोबांची तुलना न जाणाऱ्यांशी केली. जाणाऱ्यांची हालचाल वाढली, डोकं जास्त चालवावं लागलं, आणि अडचणीत ज्यांना हाक मारता येईल अशी माणसंही वाढली. हेही खरं की धडधाकट माणसंच अशा कामाला आधी पुढं येतात, त्यामुळं सगळं श्रेय सेवेला देता येत नाही. पण घराबाहेर पडणं, जिना चढणं, नावं लक्षात ठेवणं, चार माणसांशी बोलणं, हे शरीराला आणि मेंदूला लागतंच.

आपल्याच देशात केरळचं उदाहरण आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये असाध्य आजाराच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं काम सुरू झालं. पुढं गावोगावचे साधे लोक त्यात स्वयंसेवक झाले. शिकवणी घेऊन ते अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जाऊ लागले. औषध डॉक्टर-नर्सचं, सोबत गावाची. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरणच केलं. आमच्या सिस्टर करत होत्या ते याच जातीचं काम.

मात्र एक गोष्ट बजावून सांगते. सेवा म्हणजे स्वतःला झिजवणं नव्हे. बाईला झिजायची सवय असतेच, त्यात आणखी भर नको. सिस्टरचे काही नियम होते. दिवसात दोन घरं, आठवड्यात दोन दिवस, त्याच्या वर नाही. जमिनीवर बसायचं नाही, खुर्ची मागून घ्यायची. शुगर असल्यानं पिशवीत खायला काहीतरी आणि पाण्याची बाटली. स्वतःला खोकला, ताप असेल तर आजाऱ्याकडं जायचं नाही, दुसरीला पाठवायचं. आणि नाही म्हणायला लाजायचं नाही.

आपली तब्येतही कामासारखीच नेमानं बघायला हवी. रक्तदाब आणि साखर गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासून मिळते. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही. गुडघे दुखले की मेडिकलमधून स्वतःच्या मनानं दुखऱ्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाण्यानं किडनीवर परिणाम होतो, ते टाळायचं. आठवड्यात दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, दमानं पण झपझप चालायचं. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. ओट्याला धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं, मग दुसऱ्या. न्हाणीघराची फरशी ओली ठेवायची नाही आणि रात्री उठताना दिवा लावायचा. हाड मोडलं की बाईचं सगळं बाहेरचं जग थांबतं. जेवणात ठेचा-लोणचं-पापड कमी आणि वरण, उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडं, हे रोज हवं. म्हातारपणी भूक कमी होते म्हणून नुसत्या चहा-पोळीवर भागवणाऱ्या कितीतरी जणी मी बघते. डोळ्यांत मोतीबिंदू झाला असेल तर ‘दिसतंय तोवर दिसू दे’ म्हणत बसायचं नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नाही, झोप नाही, रडू येतं, कशातच रस नाही असं झालं, तर तो वयाचा दोष समजू नका. डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठांसाठी सरकारनं २०२१ मध्ये देशभर सुरू केलेली १४५६७ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथंही बोलता येतं. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून झाली आहे. ते कार्ड स्वतःचंही काढा आणि शेजारच्या आजींचंही काढून द्या.

आपल्या गावात काय करता येईल?

आमच्या भोकरदनला मोठ्या शहरासारख्या संस्था नाहीत. पण काम शोधायला लांब जावं लागत नाही.

शिक्षिका असाल तर शाळेत मुख्याध्यापकांना विचारा. वाचनात मागं पडलेली चार मुलं मागून घ्या. आठवड्यातले दोन तास पुष्कळ झाले. मोठ्या वयाच्या निरक्षर बायकांसाठी २०२२ पासून ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, त्यात शिकवणारे स्वयंसेवकच असतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा भरली आणि नऊवारीतल्या आज्या गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या, ते तुम्ही वाचलं असेलच. आपल्या गल्लीत एक अशी पाटी का नको?

नर्स असाल तर अंथरुणावरच्या माणसाची काळजी कशी घ्यायची, हे सुनांना शिकवा. बँकेत, पोस्टात काम केलं असेल तर फॉर्म भरून द्या. टीबीच्या रुग्णाला सकस आहाराचा आधार देण्यासाठी ‘निक्षय मित्र’ होता येतं. शिकलेल्या नसाल तरी काही अडत नाही. आजाऱ्यापाशी दोन तास बसलात तर त्या घरच्या सुनेला दोन तास मिळतात. तिला केस धुता येतात, बाजारात जाता येतं. हे दोन तास तिच्यासाठी किती मोलाचे असतात, ते आजारी माणूस घरात असलेल्या बाईलाच विचारा.

घरातून मोडता येईल, हेही गृहीत धरा. ‘लोकांच्या घरी कशाला जाता, आपल्या घरी काय कमी काम आहे?’ असं ऐकावं लागेल. शांतपणे सांगा की पुरुष पारावर जातात तशी मी आठवड्यातून दोनदा जाणार आहे. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गावाला जायचा खर्चही फार नाही. आणि एकटीनं जाऊ नका, जोडीनं जा. एकीला जमलं नाही तर दुसरी नेम चालवते.

आम्ही भजनी मंडळातल्या सहा जणींनी जालन्याची ती वहीची पद्धत उचलली. भजन संपलं की दहा मिनिटं थांबायचं, कोण आजारी आहे ते विचारायचं आणि वार ठरवायचे. मंगळवार माझा. गल्लीतल्या त्या बाईंचं मनगट आता सांधलंय. पहिल्यांदा आम्ही त्यांच्याकडं भेटायला म्हणून गेलो. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याच म्हणाल्या, ‘मला नुसती भेटायला येऊ नका. मला पण एक वार द्या.’ आता शनिवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर पाच पोरं वाचायला बसतात. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झालाय. गोळी घेतली का, हे पोरंच विचारतात.

दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनर बायका बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. मी जिवंत आहे, असं लिहून त्याखाली सही करायची. त्याशिवाय पेन्शन पुढं चालू राहत नाही. यंदा रांगेत उभ्या राहाल तेव्हा पुढच्या-मागच्या बाईला विचारा, ‘ताई, आठवड्यातला कोणता वार मोकळा आहे तुमचा?’ दोघींचा एकच वार निघाला तर जोडी झालीच. मग तिसऱ्या कुणाच्या घरी जायचं, तेवढं त्या रांगेतच ठरवून टाका.